सहा पेले क्रिथाराकी

तर झालं काय, झांबेताच्या सासऱ्यांच्या, पान्देलिसरावांच्या नावाच्या संताचा सण उद्यावर आला आणि सासूबाईंचा, कल्लिरोईचा, उजवा हात प्लास्टरमध्ये. त्या दिवशी आमंत्रण कुणालाच नसतं, तरी देवळातून सुटलेलं अर्धं गाव दारात येतं आणि या घरी येतं ते युवेत्सीसाठीच. मातीच्या भांड्यात तीन तास मंद भाजलेलं कोकरू आणि शेवटी त्याच्याच रश्श्यात फुललेली क्रिथाराकी, म्हणजे जवाच्या दाण्याएवढा पास्ता.

सासऱ्यांची थोरली बहीण इव्हान्थिया येऊन म्हणालीसुद्धा, "यंदा मी करते, कल्लिरोई. तुझी सून शहरातली, पिरेअसची. तिला कोकराची मान कुठली नि मांडी कुठली ते तरी कळतं का?"

झांबेताच्या अंगाची नुसती लाही लाही झाली. लग्नाला दोन वर्षं झाली तरी या घरात तिला फक्त सॅलड चिरायला मिळायचं.

"मी करणार, आत्याबाई," असं ती बोलून बसली. आता बिघडलं तर जन्मभर सॅलडच.

सकाळी देवळात जाता जाता सासूबाईंनी सांगितलं, "दुसऱ्यांदा घंटा झाली की क्रिथाराकी घाल. सहा पेले. रस्सा उकळताच ओत, पोरी, गार ओतलास तर भांडं तडकेल."

"रस्सा किती, आई?"

"मागेल तेवढा."

"मागेल म्हणजे?"

पण त्या जिना उतरल्यासुद्धा.

कोकरू मात्र असलं भाजलं होतं ना, दालचिनी आणि टोमॅटोचा वास पार गल्लीच्या टोकाला. घंटा झाली, हिने पाणी प्यायचा पेला घेतला, सहा वेळा भरून क्रिथाराकी घातली, वर उकळता रस्सा ओतला, भांडं ओव्हनमध्ये सरकवलं. दहा मिनिटांनी बघते तर रस्सा गडप, दाणे फुगून काठावर. आणखी ओतला, तोही गडप. हिने थेट नवऱ्याला फोन लावला.

"स्त्रातिस, तुझी आई पेला म्हणते तो कुठला?"

"वाईनचा, छोटा," तो देवळाच्या अंगणातून कुजबुजला. "आई सगळं त्यानंच मोजते. का गं?"

"काही नाही. लोकांना जरा थोपव."

"मी? कसा?"

"आत्याला गुडघ्यांचं विचार."

म्हणजे दुप्पट पडली होती हो! हिने अर्धं कोकरू आणि अर्धी क्रिथाराकी मोठ्या ट्रेमध्ये काढली, मटणाची हाडं उकळत होतीच त्या पातेल्यात टोमॅटो आणि वाईन ढकलली, खळाखळा उकळलं आणि दोन्हींत थोडं थोडं ओतत बसली. ओव्हनसमोर, घामाघूम. तेव्हा तिच्या कानाला कळलं. रस्सा आहे तोवर आतून बुडबुड येते, संपत आला की चरचर. चरचर झाली की एक पळी. तेच ते मागणं!

तेवढ्यात सासूबाई आत आल्या. त्यांनी दोन भांडी बघितली, ओट्यावरचा मोठा पेला बघितला. झालं, आता बोलणार. पण त्यांनी तो पेला डाव्या हाताने उचलला, विसळला आणि गुपचूप कपाटात ठेवून दिला.

"आत्या येतायत," एवढंच म्हणाल्या.

आत्या आली, मागून माणसं. आत्या गुडघ्यांबद्दल अजून बोलतच होती. पहिला घास घेतला आणि गुडघे विसरलीच. दुसरी ताटली झाली. मग ती सासूबाईंपुढे सरकवून म्हणाली, "जरा वाढ गं, कल्लिरोई. त्या ट्रेमधलं, खाली लागलेलं."

"मला काय विचारता, वन्सं? स्वयंपाक तिचा, तिला मागा."

आत्याने ताटली झांबेतापुढे धरली. झांबेता वाढत राहिली, आता बास म्हणतील, आता म्हणतील, आणि आत्याबाई काही बास म्हणेनात.