धाकटा ब

सोइलाबाईंच्या पहिलीच्या वर्गात त्या वर्षी चौदा मुलं होती आणि त्यांतल्या नऊ जणांच्या आया न्यूयॉर्कात होत्या. हा हिशेब बाईंनी सप्टेंबरातच मांडला, कारण वर्षाचा पहिला शब्द त्यावर ठरायचा. स्वर झाले की म येतो, आणि म आला की बहुतेक शाळांत गिरवायला घेतात तो 'ममा', म्हणजे आई. बाईंनीही बावीस वर्षं तोच घेतला. मग एका वर्षी अर्धा वर्ग वहीवर डोकं टेकून रडला. तेव्हापासून त्या 'मानो'पासून सुरुवात करू लागल्या. मानो म्हणजे हात. हात निदान ज्याचा त्याच्यापाशी असतो.

बाईंची शिकवण्याची तऱ्हा सावकाशीची होती. आधी चिमटीने मक्याचे दाणे उचलून वाटीत टाकायचे, म्हणजे बोटं पेन्सिल धरायला तयार होतात. मग ताटात भाजलेल्या जवाचं पीठ पसरून त्यात बोटाने अक्षर काढायचं. हे पीठ अक्षरांपायी कमी आणि बोटं चाटण्यापायी जास्त संपायचं, पण बाई ते मनावर घेत नसत. वही आणि पेन्सिल त्यानंतर. अक्षराला अक्षर जोडत जायचं आणि शब्द पुरा होईपर्यंत पेन्सिल उचलायची नाही.

नुबे किश्पी या मुलीचं मात्र सगळं घाईचं. वय सहा, पुढचा एक दात पडलेला. एक ओळ लिहून आणायला सांगावी तर तीन पानं भरून आणायची.

"एक ओळ सांगितली होती ना गं?"

"हो बाई. एक तुमची. बाकीच्या मी मलाच दिल्या."

"कसली एवढी घाई?"

"पत्र लिहायचंय. ममा म्हणालीय, तू आपल्या हाताने पत्र लिहिलंस की मी आलेच."

बाईंनी त्या दिवशी शाळा सुटताना तिच्या आजीला दारातच गाठलं. देल्फिना कुईंसाठी, म्हणजे खायला पाळलेल्या गिनीपिगांसाठी, गवताचा भारा पाठीवर घेऊन आली होती. घरात माणसं दोन आणि कुई चाळीस.

"देल्फिनाताई, यादिराने असं कबूल केलंय?"

"कबूल कसलं, बाई. रविवारी फोनवर पोरगी रडायला लागली, केव्हा येतेस, केव्हा येतेस. तळहाताएवढ्या काचेतून आईने तरी काय करावं? तोंडाला आलं ते बोलली. तिला वाटलं, अक्षर यायला चार-पाच वर्षं लागतील. मलाही तसंच वाटलं. मला तर साठ वर्षांत आलं नाही."

"तुम्ही वर्गात आलात कधी?"

"तुम्ही बोलावलंत कधी?"

बाईंनी पुढे होऊन भाऱ्याला हात दिला.

यादिरा चार वर्षांपूर्वी शेतातून गेली होती. गावात असंच म्हणतात. विमानाने, कागदपत्रं दाखवून जाणारा वेगळा आणि रात्रीअपरात्री नद्या-कुंपणं ओलांडत जाणारा 'शेतातून' गेलेला. शेतातून गेलेल्याला परत येता येतं, पण मग पुन्हा जाता येत नाही. हे गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त नुबेला. पत्र जाईल, आई येणार नाही, आणि मग ही पोर पुन्हा पेन्सिल हातात धरेल की नाही, याची बाईंना धास्ती वाटली.

मग बाईंनी एकतीस वर्षांत कधी केली नव्हती अशी गोष्ट केली. शिकवणं लांबवलं. नुबेच्या अक्षरात त्या चुका काढू लागल्या. "ह्या ल ची मान बघ, पावसात भिजलेल्या कुरणातल्या लामासारखी वाकलीय. पुन्हा काढ." नुबे पुन्हा काढायची. आणि मुख्य म्हणजे बाईंनी धाकटा ब मागे टाकला.

स्पॅनिशमध्ये ब दोन. थोरला ब उंच काठीचा, धाकटा ब नुसता खड्ड्यासारखा. उच्चार दोघांचा एकच, त्यामुळे कान कितीही तिखट असला तरी कामाचा नाही. कुठे कुठला ते डोळ्यांनीच लक्षात ठेवावं लागतं. मोठमोठे वकीलसुद्धा त्यात आपटतात. 'बिएनेस' हा शब्द धाकट्या ब ने लिहिला तर 'येतेस', आणि थोरल्याने लिहिला तर 'चीजवस्तू'. थोरला फेब्रुवारीत झाला होता. धाकटा एप्रिलमध्ये यायचा, तो बाईंनी जूनच्या शेवटावर ढकलला. अक्षरच हाताशी नसेल तर पत्र होईल कसं, असा त्यांचा हिशेब.

हिशेब चुकला. मे महिन्यातल्या एका सकाळी नुबेने टेबलावर कागद ठेवला.

"झालं बाई. एकदासुद्धा चुकून पेन्सिल उचलली नाही."

ममा, क्वांदो बिएनेस. नुबे.

अक्षर सुरेख होतं. ल ची मान सरळ करायला कागदावर ल नव्हता एवढंच. पण जो ब हातात होता तोच तिने वापरला होता, थोरला. आई, केव्हा येतेस, असं तिने विचारलं होतं आणि कागदावर लिहून गेलं होतं, आई, चीजवस्तू केव्हा.

बाईंची लाल पेन्सिल वर गेली आणि तिथेच थांबली. दुरुस्त करायचं तर धाकटा ब शिकवावा लागणार. शिवाय मनात एक आडवाटेचा विचारही आला, की राहू दे, निदान प्रश्न जरा बोथट होऊन पोचेल. "छान आहे," त्या म्हणाल्या आणि पेन्सिल खाली ठेवली.

शनिवारी देल्फिनाने असोगेस शहरातल्या पार्सलवाल्याकडे भाजलेला कुई, उकडलेला मका आणि ते पत्र दिलं.

"कुई न्यूयॉर्कला किती दिवसांत पोचतो, बाई?" सोमवारी नुबेने विचारलं.

"दोन-तीन दिवसांत."

"मग ममाला यायलाही तीनच."

तिने घरी पलंगावरची आपली उशी भिंतीकडे सरकवून ठेवली, बाहेरची बाजू मोकळी. वर्गात ती जागा बदलून खिडकीपाशी बसू लागली, कारण तिथून वळणावरची बस दिसते. बस दिवसातून चार वेळा यायची. चारही वेळा नुबेची पेन्सिल थांबायची, मग पुढे चालायची. तीन दिवस झाले, दहा झाले.

एकोणिसाव्या दिवशी खोकं आलं. जाकीट, रंगीत पेन्सिली, आणि टाच टेकली की लाल दिवा लागणारे बूट. त्याच रविवारी फोनवर यादिरा हसत होती. "वाचलं गं माझ्या राणी तुझं पत्र. चीजवस्तू केव्हा म्हणून विचारलंस, लगेच पाठवल्या की नाही?"

सोमवारी नुबे नवे बूट घालून आली. दिवे लागू नयेत म्हणून चवड्यांवर चालत आली.

"बाई, मी ममाला काय लिहिलं होतं?"

बाईंनी सांगितलं. दोन्ही ब फळ्यावर शेजारीशेजारी काढून सांगितलं.

नुबेने दोन्ही ब बोटाने हवेत गिरवले. "म्हणजे माझंच चुकलं, म्हणून ती आली नाही." मग वही उघडली. "हा दुसरा शिकवा."

त्या संध्याकाळी बाईंनी देल्फिनाकडून नंबर घेतला आणि फोन लावला.

"यादिरा, सोइलाबाई बोलतेय."

"बाई? नुबेला काय झालं?"

"काही झालं नाही. दुसऱ्या बाकावर डावीकडे बसायचीस. दोन्ही ब मीच तुला शिकवलेत. पोरीचं पत्र तुला वाचता आलं नाही, हे मला सांगू नकोस."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"आलं वाचता. पहिल्या नजरेतच आलं. पण पुन्हा वाचलं तेव्हा वाटलं, तिनेच वाट काढून दिलीय. गंमत केली आणि सुटले."

"तू सुटलीस. ती मात्र वर्गात बसून धाकटा ब गिरवतेय. आज सत्तेचाळीस ओळी झाल्या. तिला वाटतंय, अक्षर सुधारलं की तू येशील."

"मग काय सांगू, बाई? येत नाही म्हणून सांगू? सहा वर्षांची आहे ती. मी सहा वर्षांची होते तेव्हा तुम्हाला विचारलं होतं, बाबा केव्हा येतील. तुम्ही काय म्हणालात, आठवतं?"

बाईंना आठवत होतं. "येतील म्हणाले."

"आले?"

"नाही." बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "आणि हेही ऐक. तो ब मी मुद्दामच शिकवला नव्हता. तुझ्याइतकीच मीही यात आहे. पण आता तिला खरं काय ते सांग. फोनवर नको, फोनवर हसून वेळ मारून नेता येते. हाताने लिही."

"तिला वाचता येईल?"

"तुला येत होतं की नाही?"

पत्र यायला पंधरा दिवस लागले. देल्फिनाने ते शाळेतच आणून दिलं, तिला स्वतःला त्यातलं काहीच कळणार नव्हतं. पाकिटावरचा पत्ता बाईंनी लांबूनच ओळखला; शब्दाच्या शेवटच्या अक्षराला मागे वळणारी शेपटी काढायची ही खोड यादिराने बाईंचीच उचलली होती. आपल्या हाताचं वळण न्यूयॉर्कात भांडी घासून परत आलंय, असं त्यांना वाटून गेलं.

मधल्या सुट्टीत नुबे पायरीवर बसून वाचू लागली. बोट ओळीखालून सरकायचं, अडायचं, मागे यायचं, ओठ हलायचे. दोन्ही बाजूंनी भरलेला कागद होता. सुट्टी संपली तरी बाईंनी घंटा वाजवली नाही. त्या खिडकीत उभ्या राहिल्या, पोर एखादा शब्द विचारायला येईल म्हणून. बस येऊन गेली. नुबेने मान वर केली नाही.

अखेर ती आत आली. डोळे लाल होते, नाक बाहीला पुसून झालं होतं.

"काही अडलं का गं?"

"एक शब्द अडला होता. मग सुटला."

"काय म्हणते ममा?"

नुबेने कागदाची घडी घातली. "ते मला लिहिलंय," ती म्हणाली आणि कागद स्वेटरच्या आत घातला.

सगळं कळावं म्हणून ज्या पोरीला वाचायला शिकवलं, तिच्याकडून असं ऐकून घ्यायची बाईंना सवय नव्हती. एकतीस वर्षांत कितीतरी मुलं त्यांच्या हाताखालून गेली, निम्मी शेतातून गेली, आणि त्यांतल्या एकानेही बाईंना चार ओळी लिहिल्या नव्हत्या. यादिराची ती दोन पानं एकदा हातात घ्यावीत असं त्यांना फार वाटलं. त्यांनी मागितली नाहीत.

दुसऱ्या दिवशी नुबेने रेघांचा कागद मागितला. बाकावर ठेवून त्याच्याभोवती डाव्या हाताचं कुंपण केलं.

"बाई, तुम्ही तिकडे बघा."

बाईंनी खुर्ची फिरवली. पाठीमागे पेन्सिल चालू लागली. शब्द कुठे संपतो ते त्यांना आवाजावरून कळत होतं, कारण तिथे पेन्सिल उचलली जायची. एक शब्द फार लांब चालला. कुठला असेल तो, याचा विचार करत बाई बाहेरच्या डोंगराकडे बघत राहिल्या.