खाली बसून

आई गेल्यावर मला कळलं, की माझ्या गुडघ्यांना एक देवी होती.

आई रोज सकाळी देवीचं कवच म्हणायची. त्यात शेंडीपासून तळपायापर्यंत एकेका अवयवाला एकेक देवी पहाऱ्यावर बसवलेली असते. दातांना कौमारी, हनुवटीला कामाक्षी, केसांच्या मुळांनासुद्धा कोणीतरी. बाबा आयुष्यभर विमा अधिकारी होते, पण केसांची मुळं त्यांनीही कधी कव्हर केली नव्हती. शेवटी आई म्हणायची, "तन्मयचं रक्षण कर."

बाबा आधीच गेले होते, आई पौषात गेली. माघात बस्सी गावाहून जयपूरला परतताना मी कानोत्याच्या वळणावर मोटरसायकलवरून पडलो. हनुवटीला तीन टाके. कामाक्षीची ड्युटी संपली होती, हे उघड होतं.

माझ्यासाठी म्हणणारं जयपुरात आता कुणी नव्हतं. आपणच म्हणावं म्हणून आईची वही काढली. पहिल्याच पानावर तिची सूचना होती : 'खाली बसून म्हणावे. मध्ये उठू नये.'

आता, बोलण्यातलं 'खाली' मला कळतं. 'खाली जा, भाजीवाले भैया आलेत,' हे ऐकतच मोठा झालो. पण देवनागरी लिहिलेलं दिसलं की माझं डोकं हिंदीत जातं. शाळेत तेच शिकवलं. आणि हिंदीत खाली मतलब रिकामं.

पहिल्या दिवशी रिकाम्या पोटी बसलो. घर तसंच, आई नसलेलं. दुसऱ्या दिवशी खिसे रिकामे केले. फरक नाही. मग लक्षात आलं, खोली भरलेली आहे. रविवारी खुर्च्या, टेबल, टीव्ही, आईचा पलंग, सगळं बाहेर जिन्यापाशी काढलं आणि मधोमध बसलो. खोकलो, तर खोलीही खोकली.

"तन्मय, घर सोडतोयस का रे?"

दारात समोरच्या फ्लॅटमधल्या काकू. मूळच्या साताऱ्याच्या. काका बँकेतून बदली होऊन इथे आले आणि इथेच वारले, मुलगी परदेशात.

"नाही काकू. कवच म्हणतोय."

मी वही दाखवली. माझं म्हणणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"गाढवा, खाली म्हणजे जमिनीवर. चटई घे, बस."

"म्हणजे पलंग आत चालला असता?"

"मला तर फार चालला असता. माझ्या दाराला लागलाय. चढून आलेय मी."

काकूंचे गुडघे जमिनीवर बसण्यातले राहिले नव्हते. म्हणून एक खुर्ची परत आत आणली. त्या वर, मी फरशीवर. मी वाचत गेलो, त्या उच्चार सुधारत गेल्या. शेवटच्या वाक्यापाशी मी थांबलो. स्वतःचंच नाव घ्यायचं म्हणजे आपणच आपल्याला वाढदिवसाचा फोन करण्यासारखं.

"थांब, ते मी म्हणते," काकू म्हणाल्या. "तन्मयचं रक्षण कर."

दोन महिन्यांनी ते वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं. मी उगाच टाके चाचपले.

"माझंही नाव घालशील त्यात?" त्या खुर्चीकडे बघत म्हणाल्या. "लेकीला सांगितलं असतं. पण ती इंग्रजी शाळेतली, तिला हे वाचता येत नाही."

मी पेन्सिल घेतली आणि अडकलो. अकरा वर्षं आम्ही समोरासमोर राहतोय.

"काकू, तुमचं नाव काय?"

त्यांनाही जरा वेळ लागला.

"शुभदा."

मी ते आईच्या वहीत लिहिलं आणि पहिलं पान उघडलं.

"एवढं सगळं नको रे," काकू म्हणाल्या. "गुडघ्यांपासून सुरू कर."