पहिली गोळी कारागिराची

उस्तादाने दाराला आतून कडी घातली, तेव्हाच माईंच्या कपाळावर आठी उमटली. नेमबाजीच्या मैदानाला लागून असलेल्या त्या दुरुस्तीच्या खोलीला कडी आहे, हेच मुळी घरच्यांच्या विस्मरणात गेले होते. दार सताड उघडे ठेवून काम करायचे, गिऱ्हाइकाने हवे तर खुर्ची ओढून समोर बसावे आणि आपल्या पिस्तुलाचे पोट फाडलेले पाहावे, ही त्या घराची रीत. झाकून ठेवण्यासारखे आपल्याकडे आहे तरी काय, असे माईंचे यजमान विचारीत.

यजमानांना जाऊन बरीच वर्षे लोटली होती. ते थोरले उस्ताद. त्यांच्यामागे बाकावर बसलेला मुलगा नुसता उस्ताद. पन्नाशी ओलांडलेला, शब्दांच्या बाबतीत कंजूष. माईंची पाठ या वयातही पट्टी लावून आखावी तशी ताठ होती. एके काळी मैदानावर त्यांच्या शेजारच्या जागी उभे राहायला भले भले पुरुष कचरत. आता त्या स्वतः नेम धरत नसत. पण खोलीत काय येते आणि कोणत्या अवस्थेत बाहेर जाते, यावर हुकमत त्यांचीच होती.

त्या हुकमतीचा कणा म्हणजे एक नियम: पहिली गोळी कारागिराची. झिजलेला भाग बदलून पिस्तूल जोडले, की ते गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी ज्याने जोडले त्यानेच मैदानावर उभे राहायचे, एकच गोळी भरायची आणि एका हाताने झाडायची. काही चुकले असेल तर ते आधी आपल्या अंगावर यावे, गिऱ्हाइकाच्या नव्हे. हा नियम थोरल्या उस्तादांचा. त्याला जोडून दुसरा एक होता, तो माईंचा: ज्याचा हात हलू लागला, त्याने कानस खाली ठेवायची. थोरल्या उस्तादांचा हात हलताना दिसला त्याच दिवशी, गिऱ्हाइकांदेखत, माईंनी त्यांना बाकावरून उठवले होते. त्यानंतर ते बाहेरच्या पायरीवर बसत आणि आतल्या कानशीचा आवाज ऐकत. फार दिवस बसले नाहीत.

आज बाकावर आले होते ते नातीचे, म्हणजे उस्तादाच्या धाकट्या मुलीचे, पिस्तूल.

सकाळीच ती ते घेऊन आली होती. "बाबा, चाप अगदी लोण्यासारखा झालाय. कधी सुटतो ते कळतच नाही. परवा निवड-चाचणी आहे माझी."

"लोण्यासारखा? पिस्तूल खातेस की झाडतेस?" उस्ताद म्हणाला. त्याने ते उघडले, भिंग लावून पाहिले आणि मान हलवली. "खिट्टी गेली."

घोडा म्हणजे गोळीच्या पाठीत टोला देणारा हातोडा. आणि चाप ओढला जाईपर्यंत त्या घोड्याला अडवून धरणारा नखाएवढा पोलादी तुकडा म्हणजे खिट्टी. वर्षानुवर्षांच्या सरावाने तिची कड बसली होती. घोडा आणि खिट्टी यांची नवी जोडी कपाटात होती. पण कारखान्यातून आलेली खिट्टी जशीच्या तशी बसवली, तर चाप जड आणि खरखरीत राहतो. तिची कड बारीक दगडावर घासून सपाट करावी लागते. सपाट, गोल नव्हे. केसभर जरी गोलाई आली, तरी घोडा तिच्यावर टिकतो तो आपल्या मर्जीने. हे काम यंत्राचे नाही, हाताचे आहे. आणि हा हात आपल्या घराण्यात आहे, याचा माईंना अभिमान होता.

दुपारी पोस्टमास्तर आले. नोकरी सुटून जमाना झाला तरी हुद्दा त्यांना चिकटून राहिला होता. नेम सुमार, जीभ मात्र कधी चुकत नसे.

"काय माई, आत खजिना सापडला की काय? दाराला कडी!"

"तुमच्यासारखे येऊन डोकं खातात, म्हणून."

"माझं डोकं तर तुमच्या उस्तादानं खाल्लं. परवा स्प्रिंग बदलून दिली आणि म्हणतो, पहिली गोळी तुम्हीच झाडा, माझा कान दुखतोय. मी म्हटलं, अरे, माझ्या बायकोनं जन्मात कधी मला पहिला मान दिला नाही, तू कशाला सवय लावतोस?"

पोस्टमास्तर एकटेच हसले. माईंचा चेहरा पाहून थांबले.

"कान दुखतोय?"

"त्याच्या आधीच्या खेपेलाही दुखतच होता. कानाला औषध घाला की त्याच्या."

माईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एवढ्यात कडी निघाली आणि उस्ताद बाहेर आला. फडक्यावर ठेवलेले पिस्तूल त्याने आईपुढे धरले. फडके दोन्ही हातांनी धरले होते, हे माईंनी पाहिले. पण पाहणे आणि ध्यानात घेणे यांत अंतर असते.

"झालं. धाकटीला दे."

"पहिली गोळी?"

"झाडली."

"कधी?"

"मघाशीच. तुझं पोस्टमास्तरांशी चाललं होतं ना, तेव्हा."

माई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी भिंतीवरची सळई काढली, तिच्या टोकाला पांढरी चिंधी गुंडाळली आणि ती नळीतून आरपार ओढली. गोळी झाडलेल्या नळीतून चिंधी काळी होऊन निघते. ही निघाली ती पांढरीशुभ्र. माईंनी ती मुलापुढे धरली, मग पोस्टमास्तरांपुढे, मग दाराशी आलेल्या नातीपुढे.

"ही काय म्हणतेय, ऐकू येतंय ना? की कान अजून दुखतोय?"

सूनबाई चहा घेऊन आली होती. नवऱ्याचा कप अर्धाच भरलेला होता. कित्येक महिने तो तसाच भरला जात असे, आणि माईंनी ते सुनेच्या हात आखडण्यात जमा केले होते. "आई, आज राहू द्या ना," ती हलक्या आवाजात म्हणाली. "त्यांना बरं वाटत नाहीये."

"तू मध्ये पडू नकोस. बरं नसेल तर तसं सांगावं, खोटं कशाला बोलावं? थोरल्या उस्तादांचा मुलगा आणि माझ्या तोंडावर थाप मारतो! न झाडलेलं पिस्तूल या दारातून आजवर गेलेलं नाही."

"अगं आजी, मी झाडते ना," नात हात पुढे करीत म्हणाली. "माझंच तर आहे. त्यात एवढं काय?"

"नाही!" उस्ताद ओरडला. त्या घरात त्याचा आवाज एवढा चढलेला कुणी ऐकला नव्हता. "तू नाही. तू हात लावायचा नाहीस."

त्याने पिस्तूल उचलले आणि तो मैदानाकडे चालू लागला. त्या ओरडण्यात भीती होती. माईंना ती ऐकू आली, पण त्यांनी तिला राग समजून सोडून दिले. रागाशी कसे वागायचे ते त्यांना ठाऊक होते.

मैदान रिकामे होते. उस्ताद छपराखाली, नेमाच्या रेषेवर उभा राहिला. त्याच्यामागे माई, त्यांच्यामागे नात, बाजूला पोस्टमास्तर. सूनबाई दारातच थबकली. उस्तादाने एक गोळी भरली, नळीवरची सरकती स्लाइड मागे ओढून सोडली. घोडा खिट्टीवर टेकला. बोट चापाच्या बाहेर, शिकवल्याबरहुकूम. मग त्याने उजवा हात उचलला आणि तो हात हलू लागला.

ती वयाची थरथर नव्हती. खिडकीच्या फटीत अडकलेला कागद वाऱ्याने फडफडावा तसा तो हात फडफडत होता. पिस्तुलाचे तोंड भिंतीवर, छतावर, पुन्हा भिंतीवर फिरत होते.

"अरे!" माईंच्या तोंडून एवढेच निघाले.

ते त्याने ऐकले असावे. कारण जी चूक करणाऱ्या नवख्यांना तो मैदानाबाहेर काढी, तीच चूक त्याने त्या क्षणी केली. हलणारा हात आईला दिसू नये म्हणून त्याने डावा पंजा पुढे नेला आणि नळीच्या तोंडाशी धरून ती दाबली. नळीला हिसका बसला. खिट्टीला तेवढे पुरले. चापाला कुणी शिवलेसुद्धा नव्हते.

आवाज रोजच्याएवढाच झाला.

पोस्टमास्तरांनी अंगातला सदरा काढला, तो त्या पंजाभोवती आवळून बांधला आणि गाडीत बसेपर्यंत गाठीवरचा हात काढला नाही. सूनबाई नवऱ्याच्या दुसऱ्या बाजूला बसली. गाडीचे दार लावण्यापूर्वी तिने सासूकडे पाहिले.

"शर्टाची बटणंसुद्धा मी लावते त्यांची. वर्ष होत आलं."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला?" सूनबाई म्हणाली, आणि तिने दार लावून घेतले.

नातीने पिस्तुलाकडे पाहिलेही नाही. ती दुसऱ्या गाडीने आईबापामागे गेली. माई मागे राहिल्या. रेषेवर पडलेले पिस्तूल त्यांनी उचलले, रिकामे असल्याची खात्री केली आणि आत नेले. सवयीने हातांनी सळई घेतली, चिंधी गुंडाळली. ती काळी निघाली. नियम पाळला गेला होता.

मग त्यांनी पिस्तूल उघडले. कित्येक वर्षांनी त्या बाकावर बसल्या होत्या. भिंगाखाली खिट्टी धरली आणि त्यांना जे दिसायचे ते दिसले. कड गोल झाली होती. थरथरणाऱ्या हाताने दगडावर ती सपाट राहावी म्हणून पुनःपुन्हा घासली होती, आणि प्रत्येक घासणीसरशी ती अधिकच गोल होत गेली होती. बाकाच्या कडेला त्याने एक पट्टा ठोकलेला त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. मनगट त्यात अडकवून तो काम करीत होता. त्यासाठी दाराला कडी होती.

इस्पितळात दुसऱ्या दिवशी त्याला बोलता येऊ लागले. डाव्या हाताची दोन बोटे गेली होती. उरलेली वाकणार नाहीत, असे सर्जनने सांगितले होते. उजवा हात चादरीवर पडल्या पडल्या आपले काम करीत होता.

"खिट्टी पाहिलीस?" त्याने विचारले.

"पाहिली."

"गोल झाली ना?"

"हो."

"गोळी न भरता, कोरडा चाप ओढून पाहिला होता गं. कितीदा तरी. दर वेळी घोडा धरला तिनं. पण हाताला खात्री नव्हती."

"मग मला सांगायचं होतंस! मी काय वैरीण आहे तुझी?"

"बाबांना तू उठवलंस ना, तेव्हा मी दारातच होतो. बाबा माझ्याकडे बघून हसले होते. ते हसणं मला जमलं नसतं."

माईंनी चादरीची सुरकुती तेवढी सरळ केली.

"धाकटी कुठे उभी होती?" त्याने विचारले.

"माझ्या मागे."

"मग झालं तर."

त्या दुपारी माईंनी कपाटातली दुसरी नवी जोडी बसवली. दगडाला हात लावला नाही. खिट्टी कारखान्यातून आली तशीच राहू दिली. पिस्तूल जोडून त्या रेषेवर गेल्या, एक गोळी भरली आणि एका हाताने ते उचलले. त्यांचा हात मुळीच हलला नाही. इतक्या वर्षांनी, या वयात, तो हात दगडात कोरल्यासारखा स्थिर होता. आजवर ज्या गोष्टीचा तोरा मिरवला, तिची त्यांना त्या क्षणी शिसारी आली. गोळी कागदाच्या मधोमध लागली.

संध्याकाळी त्यांनी ते नातीपुढे ठेवले. "चाप जड आहे. पण धरेल."

"मला नको, आजी."

"उद्या निवड आहे तुझी."

"माहितेय मला," ती म्हणाली आणि इस्पितळात न्यायचा डबा भरू लागली.

उस्ताद घरी आला तो वाटेत कुणाशी न बोलता सरळ खोलीपर्यंत गेला. दार उघडे होते; माईंनी आतली कडी उपटून काढली होती, तिच्या खिळ्यांची भोके चौकटीत तेवढी दिसत होती. त्याने ती पाहिली. बाकावर त्याची कानस, दगड आणि भिंग होते त्याच जागी मांडून ठेवले होते. तो आत गेला नाही. बाहेरच्या पायरीवर बसला, उजव्या बाजूला सरकून, जिथे त्याचे वडील बसत.

माई दारात आल्या. "आत ये," त्या म्हणाल्या. तो हुकूम नव्हता. पण त्यांच्या आवाजाला दुसरे काही येत नव्हते, म्हणून तो हुकमासारखाच ऐकू आला.

"बसतो इथंच जरा."

त्याच्या शेजारी बसावे असे माईंना वाटले. त्यांनी चौकटीला धरून वाकण्याचा प्रयत्न केला. आयुष्यभर ताठ ठेवलेली पाठ वाकली नाही. त्या उभ्याच राहिल्या. आत कानस चालत नव्हती. ऐकण्यासारखे काही नव्हते, तरी उस्ताद ऐकत बसला होता.