डोळा खाली घे

"आणि हे काय आहे, मॅडम?"

प्राचार्य बद्रीनाथ सरांनी बटण दाबलं आणि खोलीभर वंदना मॅडमचाच आवाज घुमला, "अगं वंदे, अक्कल हाय का न्हाई तुला? वरून काय बघून राह्यली? डोळा खाली घे!" पडद्यावर मॅडम कपाळावर हात मारून ब्युरेटच्या आकडे कोरलेल्या उभ्या काचनळीसमोर वाकल्या होत्या. मागून कचरूचं खो खो हसणं ऐकू येत होतं. तो प्रयोगशाळेतला शिपाई, मोबाइल त्यानंच धरला होता.

"चूक झाल्ती सर. वरून बघितलं की आकडा कमी दिसतो. लगेच सुधारला की."

"कॅमेऱ्यासमोर? पुढच्या महिन्यात तपासणी समिती येतेय. संस्थेनं पुण्याहून तयार व्हिडिओ आणलेत. शुद्ध भाषा, एक चूक नाही. तुमचे चौदाही उद्यापर्यंत काढून टाका."

अंबडच्या त्या कॉलेजात मॅडम बावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवत होत्या. बावीस वर्षांत उलट उत्तर म्हणून नाही. खिडकीजवळची खुर्ची काढून घेतली, घेऊ दिली. सगळे नकोसे तास गळ्यात पडले, निमूट घेतले. पण आज डोक्यात तिडीक गेली. अहो, हौस म्हणून केले होते का ते व्हिडिओ? वर्गातल्या आठ-दहा पोरी, यंदा नऊ, दिवाळी झाली की आईबापांबरोबर ऊसतोडीला सांगलीकडं जायच्या, त्या थेट मार्चमध्ये उगवायच्या. परीक्षेला बसायच्या, नापास व्हायच्या आणि पुन्हा कॉलेजचं तोंड बघायच्या नाहीत. दर वर्षी हेच! फडावरच्या कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत बसून तरी पोरींनी मोबाइलवर प्रयोग बघावा, एवढ्यासाठी मॅडमनी हा उद्योग केला होता.

"तुमचे व्हिडिओ पाठवल्ते मी पोरींना," मॅडम म्हणाल्या. "दोन मिनिटांत बंद केले त्यांनी. त्यातली बाई चुकतच न्हाई, मंग चुकल्यावर काय करायचं ते पोरींना कोण सांगणार?"

"आणि तुमच्या व्हिडिओनं त्या शिकतात, याला पुरावा?"

"दहा दिवसांवर प्रात्यक्षिक परीक्षा हाय. येऊन बसा. पोरी पडल्या तर माझ्या हातानं काढीन. त्याच्याआधी बिलकुल न्हाई."

एवढं बोलून मॅडम बाहेर पडल्या.

परीक्षेच्या दिवशी सर खरंच येऊन बसले. बाहेरचे परीक्षक संभाजीनगरचे, चेहऱ्यावरची माशी हलू न देणारे. त्या नऊ जणींतली शीतल चारच दिवसांपूर्वी फडावरून परतली होती. उसाच्या पात्यांनी हात ओरबाडलेले, आणि ब्युरेटला त्या हातांनी जन्मात पहिल्यांदा शिवत होती. पण भरली बराबर. थेंब थेंब सोडत गेली, खालच्या शंकुपात्रातलं द्रावण फिकट गुलाबी झालं तशी तोटी बंद केली. आणि आकडा बघायला उभ्यानंच मान घातली.

वरून!

परीक्षेत बोलायची सोय नाही. मॅडमनी पदर मुठीत धरला.

शीतल थांबली. एकाएकी तिनं खाडकन कपाळावर हात मारला. "अगं वंदे, डोळा खाली घे!" आणि गुडघे मोडून वाकली.

मग पलीकडच्या टेबलावरून तेच शब्द हळूच आले, मग आणखी एकीच्या तोंडून. एकेक पोर पुटपुटत खाली वाकत होती. शेवटच्या टेबलाची द्वारका तेवढी वरूनच बघत राहिली. मॅडमना ते दिसलं.

"ही वंदे कोण?" परीक्षकांनी विचारलं.

कचरू छताकडं बघायला लागला.

"मी, सर," मॅडम म्हणाल्या.

परीक्षक स्वतः वाकले, शीतलनं लिहिलेला आकडा ताडून पाहिला. "बरोबर आहे," म्हणाले आणि पुढं गेले. त्यांच्या मिशीत हसू होतं, हे कचरू अजूनही शपथेवर सांगतो.

नऊपैकी आठ पास झाल्या. सरांनी नेमकी नववी धरली. "द्वारका पडलीच ना?"

"पडली. तिच्या घरात मोबाइलच न्हाई सर. तिनं बघितलाच न्हाई." मॅडमनी नजर हलवली नाही. "तुमचा बी न्हाई आन् माझा बी न्हाई."

सरांनी पेपरवेट बाजूला सरकवला. "ठेवा तुमचे व्हिडिओ. पण समितीपुरतं ते कपाळावर हात मारलेलं तरी कापा."

"बाकीचं कापा पाहिजे तर. तेवढं राहील."

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मॅडमनी द्वारकाला थांबवून घेतलं. ब्युरेट भरून दिली. कचरू सवयीनं मोबाइल काढून उभा राहिला. "घेऊ का, मॅडम?"

"न्हाई. ठेव खिशात. हिच्यासाठी मी हाय."

द्वारका वरून मान घालणार, तोच मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुखरे गुडघे मोडून स्वतः आधी खाली वाकल्या.