रायनो बगळ्यांत जाऊन बसला

रायनो लाह्टी माणूस म्हणून सोन्यासारखा होता, पण पनवती होता. हे कोणी त्याच्या पाठीमागे कुजबुजत नसे. तोंडावर, सकाळच्या कॉफीबरोबर सांगितलं जायचं आणि रायनो मान डोलवायचा. तीस वर्षं त्यानं कॉपर रिजच्या रस्त्यांवर बर्फ लोटायची गाडी चालवली होती आणि गावातल्या प्रत्येक म्हातारीच्या दारातला बर्फ जाता जाता बाजूला केला होता. पण तो सामना बघायला बसला की कॉलेजच्या मुलींचा बर्फावरच्या हॉकीचा संघ हरायचा. एकदा नाही, लागोपाठ नऊ वेळा. दहाव्या सामन्यात तो तंबाखूची डबी आणायला बाहेर ट्रककडे गेला, आणि त्याची पाठ वळल्या वळल्या आपल्या मुलींनी दोन गोल ठोकले. याहून मोठा पुरावा कोर्टालाही लागत नाही.

तेव्हापासून, म्हणजे गेली दोन वर्षं, सामन्याच्या दिवशी रायनो सगळ्यांना ट्रकमधून बर्फाच्या रिंकच्या दारात सोडायचा आणि स्वतः पार्किंगमध्ये अडीच तास बसून राहायचा. हीटर चालू, रेडिओ बंद. संघ जिंकला की त्याचा दोस्त डेल्बर्ट धावत येऊन बॉनेटवर थाप मारायचा, आणि त्या विजयात आपलाही वाटा आहे असं रायनोला अगदी मनापासून वाटायचं.

गुरुवारी सकाळी तो व्हर्नाच्या कॅफेत शिरला तेव्हा खिडकीजवळच्या टेबलावर नेहमीचं युद्ध पेटलं होतं. डेल्बर्ट हा निवृत्त पोस्टमन, फुटबॉलमध्ये डेट्रॉइटचा भक्त. समोर आर्वो, घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करणारा, दिवसाला जेमतेम वीस शब्द बोलणारा आणि ते वीसही शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रीन बेच्या संघावर खर्च करणारा.

"राहतोस मिशिगनमध्ये, खातोस मिशिगनचं आणि गळ्यात मफलर विस्कॉन्सिनचा!" डेल्बर्ट ओरडत होता. "लाज कशी वाटत नाही रे तुला?"

"डेट्रॉइट नऊ तासांवर. ग्रीन बे चार," आर्वो म्हणाला. "मी पेट्रोल बघून प्रेम करतो."

"प्रेम! याला प्रेम म्हणतो हा!"

"आणि तुमच्या डेट्रॉइटला हरायला रायनोसुद्धा लागत नाही. ते आपले आपण समर्थ आहेत."

व्हर्ना काउंटरमागून खो खो हसली. कॅफे तिचं, मांस-बटाटा भरलेल्या पेस्ट्या तिच्या हातच्या, त्यामुळे कोणावरही हसायचा तिला हक्क होता. हसता हसता तिचं लक्ष रायनोकडे गेलं. तो टोपी हातात घेऊन उभा होता, आणि कान लाल झाले होते.

"काय झालं रे?"

"कायसा खेळणार आहे," रायनो म्हणाला. "शनिवारी. पहिल्या मिनिटापासून."

कायसा म्हणजे रायनोची नात. चार वर्षं ती कॉलेजच्या संघात गोलकीपर होती, पण दुसऱ्या नंबरची. चार वर्षं बाकावर बसून तिनं दुसऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरल्या होत्या. आता पहिल्या गोलकीपरची अक्कलदाढ सुजून गाल भोपळ्याएवढा झाला होता, डोक्यात हेल्मेट जाईना. शनिवारचा सामना मोसमातला शेवटचा, आणि कायसाचं हे कॉलेजातलं शेवटचं वर्ष. म्हणजे पोरीचा पहिला सामना तोच शेवटचा.

"मला बघायचाय," रायनो म्हणाला. "तिनं माझं तिकीट काढून ठेवलंय. व्हर्नाच्या शेजारची खुर्ची."

डेल्बर्टनं काटा खाली ठेवला. "रायनो, समोर कोण आहे माहीत आहे ना?"

माहीत नसायला काय झालं? समोर आयर्न लेक होतं. कॉपर रिजच्या मुलींच्या जर्सीवर खाणीतली कुदळ, म्हणून त्या कुदळी. आयर्न लेकच्या जर्सीवर बगळा, म्हणून ते बगळे. दरवर्षी या दोघांत जो जिंकेल त्याच्याकडे खाणीतला एक जुना पितळी कंदील वर्षभर राहायचा. गेली सहा वर्षं तो बगळ्यांकडे होता. वरून ते तो पुसतही नाहीत, अशी बातमी होती.

"सहा वर्षं, रायनो!" डेल्बर्टचा आवाज फाटला. "मी सत्तर वर्षांचा आहे. मला मरायच्या आधी तो कंदील एकदा बघायचाय."

"तू एकोणसत्तरचा आहेस," व्हर्ना म्हणाली. "आणि नात त्याची आहे. जाऊ दे ना त्याला."

"नाही, डेल्बर्टचं बरोबर आहे," रायनोच म्हणाला, आणि खुर्चीत असा बसला की व्हर्नाला त्याच्याकडे बघवेना. "चार वर्षांनी पोरीला संधी मिळाली. माझ्यामुळे हरली तर मी तिला तोंड कसं दाखवू?"

तेवढ्यात आर्वोनं घसा खाकरला. दिवसाचे वीस शब्द संपल्यावर आर्वो बोलायला लागला की लोक ऐकायचे.

"हा ज्यांच्या बाजूचा, ते हरतात. बरोबर?"

"बरोबर."

"मग याला त्यांच्या बाजूला बसवा."

डेल्बर्ट उठला, टेबलाला वळसा घालून गेला आणि ग्रीन बेच्या मफलरसकट आर्वोच्या टकलाचा मुका घेतला.

व्हर्ना वर जाऊन बगळ्यांचा हिरवागार स्वेटर घेऊन आली. "माझ्या पहिल्या नवऱ्याचा. तोही बगळाच होता मेला."

"पण नुसता स्वेटर घालून भागणार नाही हं," डेल्बर्टनं बोट उगारलं. "ओरडायचं, नाचायचं, मनापासून. पनवतीला नाटक कळतं! आणि कायसाला अक्षर कळता कामा नये. ती तुझ्याकडे बघून हसली की तू आपल्या बाजूचा झालास. संपलं."

रायनोनं सगळ्याला हो म्हटलं. नातीला बघायला मिळत असेल तर तो बगळ्याचं पीस लावून एका पायावर उभा राहायलाही तयार होता.

घरी जाऊन त्यानं आरशापुढे ओरडून बघितलं. "चला बगळ्यांनो!" तोंडात शब्द अळणी लागले. खिडकीबाहेर मागचं अंगण दिसत होतं. दर हिवाळ्यात तिथे तो नळी लावून पाणी सोडायचा, रात्रीत बर्फ व्हायचा, आणि सहा वर्षांची कायसा सोफ्याच्या उशा पायांना बांधून गोलात उभी राहायची. रायनो रबरी चकती मारायचा, ती अडवायची. पोरगी जबरदस्त होती. एकच खोड होती, आणि ती फक्त रायनोला ठाऊक होती: 'शाब्बास' म्हटलं की तिला इतका आनंद व्हायचा की तिचे गुडघे आपोआप फाकायचे, आणि पुढची चकती नेमकी त्यातून आत. म्हणून अंधार पडून खेळ संपेपर्यंत रायनो शाब्बास म्हणत नसे. घरात शिरताना सगळे एकदम म्हणायचा.

शनिवारी दुपारी दोनला तो हिरव्या गर्दीत जाऊन बसला. शेजारी एक लठ्ठ, हसरी बाई होती, हातात गायीच्या गळ्यातली घंटा. तिनं न विचारताच त्याला अर्धं पॉपकॉर्न दिलं. "पहिल्यांदा दिसताय! आयर्न लेकचेच ना?"

"अगदी हाडाचा," रायनो म्हणाला, आणि जीभ चावली.

समोरच्या बाजूला डेल्बर्ट, आर्वो आणि व्हर्ना दिसत होते. व्हर्नाच्या शेजारी एक खुर्ची रिकामी होती.

कायसा बर्फावर आली. अंगावर एवढाली पॅडं, पण चालण्यावरून रायनोनं तिला लगेच ओळखलं. तिनं गोलाचे दोन्ही खांब काठीनं ठोकले, आणि वर बघितलं. व्हर्नाकडे बघितलं. रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. मग मान खाली घालून हेल्मेट ओढून घेतलं.

सामना सुरू झाला आणि बगळ्यांनी अक्षरशः भडिमार केला. कायसानं पहिली चकती डाव्या पायानं अडवली. रायनो आनंदानं उठायला गेला, समोरून डेल्बर्टनं दोन्ही हात हलवले, आणि त्या आनंदाचं रायनोनं अर्ध्या वाटेत रडं केलं. "अरेरे!" तो किंचाळला. "गेला असता की!" दुसरी तिनं छातीवर घेतली, तिसरी हातमोज्यात झेलली. प्रत्येक वेळी रायनो कपाळ बडवून घ्यायचा, आणि बडवता बडवता मनात मोजायचा. बगळ्यांचा एक गोल झाला तेव्हा त्याला नाचावं लागलं. तो असा नाचला की घंटावाल्या बाईनं सद्गदित होऊन त्याला मिठी मारली. मग कुदळींनी एक गोल केला, आणि रायनोनं स्वेटरच्या बाहीत तोंड खुपसून जे हुंदके दिले ते हसण्याचे होते, हे कोणाला कळलं नाही. योजना काम करत होती! बगळ्यांनी पस्तीस वेळा मारलं आणि एकच आत गेला!

"काय पोरगी आहे हो ती गोलातली," घंटावाली म्हणाली. "भिंत आहे नुसती. चार वर्षं हिला लपवून का ठेवली होती?"

"ठीक आहे," रायनो म्हणाला. "बरी आहे."

"बरी? अहो, माझी असती तर मी ही घंटा फुटेपर्यंत वाजवली असती. हिच्या घरचं कोणी आलंय की नाही कोण जाणे. सारखी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघतेय बिचारी."

खेळ संपायला एक मिनिट होतं. एक-एक बरोबरी. कायसानं नुकतीच अडतिसावी चकती अडवली होती, पाठीवर पडून, एक पाय हवेत टाकून. अख्खी रिंक, हिरवी बाजूसुद्धा, टाळ्या वाजवत होती. ती उठली, हेल्मेट वर सरकवलं, आणि पुन्हा त्या खुर्चीकडे बघितलं. तिचा चेहरा पडला. रायनोनं तो चेहरा ओळखला. लहानपणी अंधारात शाब्बासची वाट बघताना ती असाच चेहरा करायची.

मग रायनोला ना कंदील दिसला ना डेल्बर्ट. त्यानं स्वेटर डोक्यावरून ओढून काढला, बाकावर चढला आणि नुसत्या बनियनवर उभा राहून ओरडला,

"शाब्बास, कायसा! शाब्बास! माझी नात आहे ती! माझी!"

समोर डेल्बर्ट दोन्ही हातांनी 'बस, बस' करत होता. आर्वोनं मफलरनं डोळे झाकले. कायसानं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. हिरव्या गर्दीच्या मधोमध बनियनवर नाचणारा आपला आजोबा तिला दिसला, आणि तिचा चेहरा असा काही उजळला की रायनोच्या डोळ्यांना धारा लागल्या. तिनं काठी वर केली. खेळ पुन्हा सुरू झाला. आणि रायनोनं बघितलं, तिचे गुडघे हळूच फाकले.

चकती त्यातून आत गेली. दोन-एक. कंदील सातव्या वर्षीही बगळ्यांकडे.

घंटावालीनं घंटा वाजवली नाही. तिनं स्वेटर उचलून रायनोच्या खांद्यावर टाकला आणि म्हणाली, "सर्दी होईल हो."

रायनो आपण होऊन पार्किंगमध्ये गेला आणि ट्रकमध्ये जाऊन बसला. हीटर लावला, रेडिओ बंद ठेवला. थोड्या वेळानं तिघं येताना दिसले. आता काय ऐकावं लागणार या विचारानं त्यानं काच खाली केली.

"ऐक," डेल्बर्ट म्हणाला. त्याचं नाक लाल झालं होतं. "गोल झाला तेव्हा मी डोळे मिटले होते. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. सामना माझ्यामुळे गेला."

"काहीतरीच!" व्हर्ना म्हणाली. "मी तो स्वेटर काल धुतला. मेल्याचा वासच गेला, मग कसला गुण येणार? दोष माझा."

आर्वोनं बुटांवरचा बर्फ झटकला. "मी सकाळी पेस्टीवर केचप घेतलं," तो म्हणाला.

"केचप!" डेल्बर्ट गर्रकन वळला. "जन्मभर ग्रेव्ही घेतोस आणि आजच केचप? खुनी आहेस तू!"

"मी बघायला गेलो म्हणून सामना गेला, डेल्बर्ट," रायनो म्हणाला. "मी पनवती आहे."

"तू गप बस. प्रत्येक वेळी तूच का? आम्हालाही काही मान आहे की नाही? पुढच्या मोसमात तू ट्रकमध्येच बसणार आहेस, पण आजचा गोल माझा आहे."

"बसतो की," रायनो म्हणाला. पुढच्या मोसमात तिथे कायसा नसणार होती. मग ट्रक काय वाईट?

तिघं भांडत आर्वोच्या गाडीकडे गेले. कायसा आली ती पाठीवर पिशवी, केस ओले, अंगाला घामाचा वास. दार उघडून शेजारी बसली. रायनोला तिच्याकडे बघायचा धीर होईना.

"गुडघे उघडले," ती म्हणाली.

"बघितलं मी."

"तू शाब्बास म्हणालास ना."

"खेळ संपायच्या आधी म्हणायला नको होतं. चुकलं माझं."

"आजोबा, त्या एका गोलाचं सोड रे." तिनं पाय वर घेऊन डॅशबोर्डवर ठेवले. ती हसत होती, सहा वर्षांची असताना हसायची तशी, सगळे दात दाखवून. "अडतीस अडवले मी. त्यांचं बाकी आहे."

रायनोनं गाडी चालू केली. घर वीस मिनिटांवर होतं. त्यानं मुद्दाम लांबचा, तळ्यावरून जाणारा रस्ता घेतला.

"पहिली," तो म्हणाला, "डाव्या पायानं. शाब्बास. दुसरी छातीवर. शाब्बास."