फ्रीजच्या पोटातली ऊब

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे. पण माझ्यात दूध ठेवाल तर ते दुपारपर्यंत नासेल. यात माझा काही दोष नाही. उलट ज्या दिवशी माझ्यात दूध टिकू लागेल, त्या दिवशी गुद्रूनबाई मला भंगारात काढतील. हे असे उलटे कसे झाले, तेच सांगायला मी आज उभा आहे. मला बसता येत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथल्या साहेबांनी माझ्या दारावर टकटक करून म्हटले होते, "हा थंडी चांगली धरतो." हे प्रशस्तिपत्रक मी आजपर्यंत जपले आहे. तिथून मी नॉर्वेत, व्होसच्या तळ्यावरच्या एका शेतघरी आलो. हालवर आणि गुद्रून यांचे त्याच वर्षी लग्न झाले होते. मला पायऱ्या चढवताना हालवरच्या जोडीला शेजारचा सिव्हर्ट होता. वळणावर त्याचे बोट माझ्याखाली सापडले. मी अपशकुनी आहे, असे तो तेव्हापासून सर्वांना सांगत असे.

सव्वीस वर्षे मी त्या स्वयंपाकघरात चाकरी केली. माझ्या पोटात लोणी असे, बकरीच्या दुधाचे तपकिरी चीज असे, खारवलेले हेरिंग मासे असत. पाहुणे सुरीने लोणी कापताना म्हणत, "काय घट्ट आहे हो." मग मी मागच्या बाजूने हळूच घरघरत असे. त्या काळात माझी एक ठाम समजूत झाली होती. जगात जे काही टिकते ते थंडीमुळे, आणि जे नासते ते उबेमुळे. गर्वाने माझे दार नीट लागत नसे म्हणा ना.

मग एके दिवशी घरात एक उंच, राखाडी फ्रीज आला. तो तोंडातून बर्फाचे खडे टाकत असे. त्या खडखडाटावर सगळे घर भाळले. मला हातगाडीवर घालून, माझी वायर माझ्याच गळ्यात गुंडाळून, अंगणापलीकडच्या बीअर करायच्या खोलीत नेऊन ठेवले. माझ्यात बटाटे आले, रिकाम्या बाटल्या आल्या, आणि एक हिवाळा उंदरांचे एक कुटुंब आले. त्या कुटुंबाविषयी मी काही बोलणार नाही.

त्या खोलीत हालवर वर्षातून दोनदा बीअर करीत असे. हे पेय मोठ्या माणसांचे, मित्रांनो; मीही कधी त्याचा घोट घेतलेला नाही. जुनिपर नावाच्या सुगंधी झुडपाच्या फांद्या घातलेल्या पाण्यात तो मोड आणून वाळवलेले सातू भिजवी, त्याचा गोड काढा तांब्याच्या हंड्यात तासन्‌तास उकळी, आणि मग त्याला विरजण लावी. बीअरचे विरजण म्हणजे यीस्ट. हालवरचे यीस्ट त्याच्या पणजोबांपासून चालत आले होते. ते एका लाकडी कड्यावर वाळवून ठेवलेले असे आणि ते कडे माझ्या दाराच्या मुठीला टांगलेले असे. विरजण लावले की तो पिंपावर एक जाड लोकरीचे कांबळे पांघरी. मी ते बघून नाक मुरडत असे. इतक्या उबेत घाण होणार, असे मला दरवेळी वाटे. दरवेळी बीअर उत्तम होई, आणि मी ते नशिबावर ढकलून मोकळा होई.

मग एका फेब्रुवारीत हालवर वारला.

खोलीला कुलूप लागले. उन्हाळा गेला, पाने गळली. मग नोव्हेंबरात कुलूप उघडले आणि गुद्रूनबाई आत आल्या. त्यांनी आयुष्यभर शाळेची बस चालवली होती. हालवर बीअर करी तेव्हा त्या बर्फातल्या वळणांवर असत, त्यामुळे या खोलीतले त्यांना फारसे ठाऊक नव्हते. त्यांनी माझ्या मुठीवरचे कडे हातात घेतले. या यीस्टचे दुसरे कडे कुठेच नव्हते. हालवरने ते कधी कोणाला दिले नव्हते, आणि सिव्हर्टला तर मागूनही दिले नव्हते. यंदा ते जागे झाले नाही तर पणजोबांपासूनचे सगळे तिथेच संपणार होते.

सिव्हर्ट दारात येऊन म्हणाला होता की वहिनी, मीच करून देतो यंदाची बीअर, माझ्या यीस्टने. त्यावर बाई म्हणाल्या, "भावजी, या घरात तुमचं यीस्ट आलं तर हालवर उठून येईल. आणि येईल तो आधी तुमच्याकडे येईल."

त्या भागात बीअर झाली की शेजारीपाजारी चाखायला जमतात, आणि चाखून झाल्यावर तोंडावर खरे बोलतात. एकाने एकोणीस वर्षांपूर्वी आंबट बीअर पाजली होती. त्याला अजून व्हिनेगरवाला म्हणतात. तरीही बाईंनी शनिवारचे बोलावणे करून टाकले.

मदतीला ओस्लोहून जावई आला. त्याचे नाव स्तायनार. त्याने दोन दिवसांचा वर्ग केला होता, तीन पुस्तके वाचली होती आणि ठरवलेले तापमान आपोआप राखणारी एक छोटी पेटी आणली होती. पहिले दोन दिवस त्याने नुसते घासले. हंडा घासला, नळ्या उकळल्या, जमीन धुतली, मलाही आतून बाहेरून सोड्याने पुसले. बीअरमध्ये निम्मे काम भांडी घासण्याचे असते, हे त्याचे म्हणणे खरे आहे. पण घासता घासता त्याची नजर कड्यावर गेली. चाळीस वर्षांचा खपला चढलेले ते कडे त्याने दोन बोटांत धरले आणि जंतुनाशकाच्या बादलीकडे नेले. बाईंनी शाळेच्या बसचा ब्रेक दाबावा तसा त्याचा हात दाबला.

"आई, फार घाण आहे हो ती."

"ती घाण माझ्या सासरची आहे," बाई म्हणाल्या, "खाली ठेव."

मग स्तायनार माझ्याकडे वळला, आणि मित्रांनो, माझे दिवस पालटले. तो म्हणाला की नवख्यांची बीअर बिघडते ती तापमानामुळे. विरजण लावले की ते स्वतःच तापत जाते, म्हणून त्याला गार जागा हवी, अठरा अंश, एक अंशही वर नाही. सगळ्या पुस्तकांत हेच होते. बाईंनी विचारले की हालवर तर थर्मामीटर वापरत नसे, त्याचे कसे व्हायचे. त्यावर तो म्हणाला की बाबांचे नशीब चांगले होते. माझेही मत अगदी तेच होते. मला पहिल्यांदाच कोणी शहाणा माणूस भेटला होता.

बटाटे बाहेर गेले. पिंप आत आले. त्याच्या झाकणात एक नळी होती. काढा फसफसू लागला की तिच्यातल्या पाण्यातून बुडबुडे निघतात. पिंपाला एक तार चिकटवली, ती त्या पेटीत गेली, माझी वायरही पेटीत गेली, आणि इतक्या वर्षांनी माझ्या अंगात वीज खेळली. मी घरघरलो. खिडकीची काच थरथरली.

सोमवारी काढा उकळला, अठरा अंशांपर्यंत निववला आणि त्यात कड्यावरचे यीस्ट सोडले. यीस्ट सोडताना मोठ्याने आरोळी ठोकायची, म्हणजे बीअर जोरदार होते, अशी तिथली रीत आहे. बाईंनी अशी आरोळी दिली की पलीकडच्या उतारावर सिव्हर्टच्या मेंढ्या उठून उभ्या राहिल्या. मग त्यांनी जावयाकडे पाहिले. ग्रंथालयात खोकल्यासारखा त्याने एक आवाज काढला. माझे दार लागले.

मी कामाला लागलो. अठरा म्हणजे अठरा. मंगळवारी नळीतून एकही बुडबुडा आला नाही. बुधवारीही नाही. माझ्या पोटात काडीचीही हालचाल नव्हती, आणि मित्रांनो, सांगायला लाज वाटते, पण मला ते माझे यश वाटले. काय शिस्त, असे मी मनात म्हणत होतो. हालवरच्या वेळी हाच काढा रात्रंदिवस फसफसून खोली डोक्यावर घेई. स्तायनार दर तासाला येऊन पेटीवरचा आकडा बघे, पुस्तक उघडे, पुस्तक मिटे. बाई मात्र बाकावर बसून नळीकडे बघत. बुधवारी संध्याकाळी त्यांनी हळूच म्हटले, "हालवर, मी तुझं सगळं घालवलं रे." तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली की माझ्या पोटातली ही शांतता कदाचित चांगली नसावी.

गुरुवारी सकाळी सिव्हर्ट आला. चाळीस वर्षे तो हालवरच्या बीअरपुढे हरत आला होता, म्हणून तो मजा बघायला आला आहे असेच सर्वांना वाटले. त्याने माझे दार उघडले, आत वाकून पाहिले आणि म्हणाला, "वहिनी, हे शवागार कोणी उघडलं?"

स्तायनारने अठरा अंशांबद्दल सांगायला सुरुवात केली. सिव्हर्टने ते ऐकून घेतले आणि विचारले, "हालवर काही म्हणायचा का, किती गरम ते?"

"धारेइतकं," बाई म्हणाल्या. "नेहमी तेच म्हणायचा. मला वाटायचं, काढ्याची धार कशी पडली पाहिजे ते सांगतोय."

मग त्यांना एकदम वेगळीच धार आठवली. बस हाती घेण्याआधी, माहेरी, त्यांनी रोज पहाटे अकरा गाईंच्या धारा काढल्या होत्या. त्यांनी झाकण उचलले, बोट काढ्यात बुडवले आणि मागे घेतले. "हे तर विहिरीचं पाणी आहे," त्या म्हणाल्या. "त्याला धारोष्ण हवं होतं. आणि ते कांबळं. मला वाटायचं, पिंपात उंदीर जाऊ नये म्हणून घालतो."

कांबळे कुठे होते? त्यांनी ते उन्हाळ्यात धुऊन कुत्र्याला अंथरले होते. कुत्र्याचे नाव बासा. बासाला उठवायला दोन माणसे लागली.

स्तायनार पांढराफटक पडला होता. धारोष्ण म्हणजे अडतीस अंश, आणि तेवढ्या उबेत यीस्ट बिघडते, असे त्याच्या तिन्ही पुस्तकांत होते. बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "जावईबापू, तुमची पुस्तकं दुसऱ्यांच्या यीस्टची आहेत. हे आमचं आहे. हे वेगळ्या वळणाचं आहे."

आता खोलीत कडाक्याची थंडी, आणि एवढा काढा उबदार ठेवायचा कसा? सिव्हर्ट घरी गेला आणि तांबडा दिवा घेऊन परत आला. आईविना राहिलेल्या कोकरांना ऊब द्यायला तो वापरतात. स्तायनारने दिवा हातात घेतला, पेटीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. थंडी आत धरणारे कपाट ऊबही आत धरेल, हे त्याच्या डोक्यात आले. त्याने माझी वायर पेटीतून काढली आणि त्या जागी दिव्याची घातली. भोवती गरम पाण्याच्या बाटल्या रचल्या. पेटीवर अडतीसचा आकडा लावला. माझे दार लागले.

मित्रांनो, काय वाटले असेल मला! जन्मभर थंडी धरली, आणि म्हातारपणी पोटात कोकरांचा दिवा. मी कारखान्यातल्या साहेबांना आठवून डोळे मिटले असते, पण मला डोळेही नाहीत.

दुपारी तीनच्या सुमारास माझ्या आत काहीतरी "बुडुक" म्हणाले. मग थोड्या वेळाने पुन्हा. चहाच्या वेळेपर्यंत नळी थांबायचे नाव घेईना. फेस झाकणाखालून वर आला, दिव्याच्या तांबड्या उजेडात चढत गेला, आणि माझ्या त्या चकचकीत पोटात जिकडे तिकडे ओघळला. उंदरांचे ते कुटुंब सोडले, तर मी पहिल्यांदा माझ्यात काहीतरी जगताना अनुभवत होतो. इतकी वर्षे माझ्यात जे होते ते सगळे मेलेले होते आणि मी फक्त ते उशिरा नासवत होतो. बाई दाराला कान लावून उभ्या होत्या. त्या हसत होत्या आणि त्यांचे डोळे भरले होते, आणि स्तायनारने न सांगता एक आरोळी ठोकली. या वेळी त्याच्या आरोळीनेही मेंढ्या उठल्या.

शनिवारी चौदा माणसे जमली. बाईंनी हालवरच्या लाकडी वाडग्यात बीअर ओतून पहिली सिव्हर्टच्या हातात दिली. तो बराच वेळ ती तोंडात घोळवत राहिला. मग त्याने वाडगा खाली ठेवला.

"तोच आहे," तो म्हणाला. "गेला तरी मला हरवतोच."

"मग परवा काही न सांगता गप्प राहिला असतात तर जिंकला असतात, भावजी."

"आणि मग पुढे हरायचं कोणाकडे?" सिव्हर्ट म्हणाला, आणि उगाच खिडकीबाहेर बघू लागला.

माणसे पांगल्यावर बाईंनी लाकडी कडे ताज्या फेसात बुडवून माझ्या मुठीला वाळत घातले. मग एक बरणी आणून त्यात उरलेले यीस्ट भरले, झाकण घट्ट लावले आणि ती सिव्हर्टच्या कोटाच्या खिशात घातली. हालवरने जे चाळीस वर्षांत दिले नाही ते. माझं यीस्ट मेलं तर मी तुमच्याच दारी मागायला येईन, एवढेच त्या म्हणाल्या. सिव्हर्टने जाताना माझ्या कडेला हात टेकला, ज्याचे बोट मी चेंगरले होते तोच, आणि मला अपशकुनी म्हणाला नाही.

आता मी वर्षातून दोनदा तापतो आणि बाकीचे दिवस वाट बघतो. माझ्यावर ते कांबळे असते. त्याचे जमिनीवर लोळणारे टोक बासाने आपल्या नावावर करून घेतले आहे. तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू अडगळीत पडली असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तिला आणखी काय जमते ते एकदा विचारा. आणि कोणी अगदीच शांत, शहाण्यासारखे पडून असेल, तर माझ्यासारखे खूश होऊ नका. आधी हात लावून बघा, त्याला थंडी तर वाजत नाही ना. दूध मात्र त्या राखाडी फ्रीजमध्येच ठेवा.