पुसलेली रेघ
या वॉर्डात मला सतरा वर्षं झाली, पण डॉक्टर हल्ली हाक मारतात ती नव्या नर्सला. नव्याचे नऊ दिवस, असं मी मनाला समजावलं. नऊ महिने झाले. मी तिला पाण्यात पाहते, खोटं कशाला बोलू?

त्या सकाळी एक शिंपी दाखल झाला. पन्नाशीचा, जुना मधुमेह, अंगात ताप. तीन दिवस लाजेपायी बायकोलाही सांगितलं नव्हतं. अंडकोशावर आणि जांघेत जराशी लाली, पण माणूस कळवळत होता. नवीने लालीच्या कडेने पेनाने रेघ मारली, शेजारी वेळ लिहिली, ‘दहा’.

“ताई, लाली रेघेबाहेर गेली तर लगेच डॉक्टरांना बोलवा हं,” असं मलाच शिकवून ती रक्त घेऊन लॅबमध्ये गेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

अकराला पाहिलं, तर लाली दोन बोटं बाहेर. मी डॉक्टरांना बोलावलं. पण कौतुक पुन्हा तिच्याच रेघेचं होणार! स्पिरिटच्या बोळ्याने रेघ पुसली आणि लालीच्या नव्या कडेवर माझी मारली. ‘दहा’ तसंच ठेवलं, म्हणजे सकाळीच मी ओळखलं असं दिसावं. आयत्या बिळावर नागोबा.

तरुण डॉक्टरांनी रेघ पाहिली. “तासाभरात जराही सरकली नाही. सलाईनमधून औषध चालू ठेवा, संध्याकाळी बघू.”

ते दाराकडे वळले, तेवढ्यात शिंपी म्हणाला, “ताई, आता दुखायचं थांबलं बघा.”

दुखणं थांबलं, कारण आतल्या नसा मेल्या होत्या. मी बोटाने दाबलं, कातडीखाली साठलेली हवा करकरली. दारात नवी उभी होती.

“डॉक्टर, ही रेघ खोटी आहे,” मी म्हणाले. “हिची दोन बोटं आत होती. मी पुसली.”

दहा मिनिटांत त्याला ऑपरेशनला नेलं. सडलेलं मांस ओंजळभर निघालं. पुढे लॅबचा रिपोर्ट आला, चार जातींचे जंतू: काही आतड्यातले, काही कातडीवरचे, काही हवेशिवाय जगणारे. एकेकटे फारसं काही करत नाहीत म्हणे, मिळून खातात. त्यांचं तरी आपसात जमतं.

शिंपी वाचला. नवी मला अजूनही ताईच म्हणते. फक्त आता रेघ मारली की आधी तिचा फोटो काढते.